अन्ननलिका व आमाशयाचा कर्करोग : शल्यसंशोधनाचे निष्कर्ष आणि वैद्याचे कर्तव्य

प्रास्ताविक

अम्लपित्त, अग्निमांद्य, अरुची, छर्दी ही लक्षणे घेऊन येणारे रुग्ण आपल्या चिकित्सालयात नित्य असतात. त्यांतील बहुसंख्य रुग्ण पथ्यपालन व सूतशेखर, कामदुधा, अविपत्तिकर यांसारख्या कल्पांनी बरे होतात. परंतु याच लक्षणांच्या आड क्वचित प्रसंगी अन्ननलिकेचा किंवा आमाशयाचा कर्करोग दडलेला असतो. असा रुग्ण प्रथम शल्यचिकित्सकाकडे जात नाही. तो आपल्याकडे येतो, किंवा थेट औषधी दुकानात जाऊन एखादे चूर्ण मागतो. म्हणूनच या व्याधीच्या शस्त्रकर्मावर जगभर जे संशोधन झाले, त्याचे सार वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे. हे संशोधन शल्यचिकित्सकांनी शल्यचिकित्सकांसाठी केले असले, तरी त्यातून निघणारा सर्वांत महत्त्वाचा बोध रुग्णास प्रथम पाहणाऱ्यासाठी आहे. तो कोणता, हे प्रस्तुत लेखात क्रमाने पाहू.

शारीर व रोगप्रसार

अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची, मांसल व स्थितिस्थापक नलिका आहे. ती ताणली जात असल्याने आतील मार्ग बराच अरुंद होईपर्यंत रुग्णास गिळताना त्रास जाणवत नाही. प्रथम भाकरीचा किंवा मांसाचा घास अडकतो. मग मऊ भात, त्यानंतर पेज व शेवटी पाणीही उतरेनासे होते. हा क्रम फार सूचक आहे. उदराच्या बहुतेक अवयवांना असते तसे बाहेरचे आवरण अन्ननलिकेस नसते, त्यामुळे व्याधी श्वासनलिका व महाधमनी यांसारख्या निकटच्या अवयवांत सहज शिरतो. शिवाय तिच्या भित्तीतील लसवाहिन्या उभ्या दिशेने जात असल्याने छातीतील अर्बुदाचा प्रसार मानेतील किंवा उदरातील लसग्रंथींत लवकर होऊ शकतो.

आमाशयाची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते प्रशस्त असल्याने अर्बुद वाढूनही दीर्घकाळ फक्त जडपणा, अरुची, थोडे खाल्ल्यावरच पोट भरल्याची भावना एवढीच लक्षणे दिसतात. थोडक्यात, दोन्ही ठिकाणी लक्षण स्पष्ट होईपर्यंत व्याधीने बरीच वाट चाललेली असते.

प्रकारही ध्यानात असावेत. भारतात अन्ननलिकेत स्क्वेमस सेल कार्सिनोमा हा प्रकार अधिक आढळतो. तंबाखू व मद्य ही त्याची प्रमुख कारणे आहेत. आपल्याकडील मशेरी व खर्रा यांची सवय विचारल्यावाचून इतिहास पूर्ण होत नाही, आणि मशेरीविषयी स्त्रीरुग्णांना आवर्जून विचारावे लागते. पाश्चात्त्य देशांत मात्र अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा ॲडिनोकार्सिनोमा अधिक असून त्याचा संबंध स्थौल्य व दीर्घकालीन आम्ल-उद्गाराशी आहे. आमाशयाच्या कर्करोगात हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचे कारणत्व जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली मान्य केले.

शल्यकर्माचा प्रारंभ

आमाशयाचा अर्बुदग्रस्त भाग काढण्याचे प्रयत्न पॅरिसमध्ये पेआँ यांनी १८७९ साली व त्यानंतर रिडिगिअर यांनी १८८० साली केले. दोन्ही रुग्ण दगावले. दि. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी एका स्त्रीच्या आमाशयाचा अधोभाग काढून उरलेले आमाशय ग्रहणीशी (ड्युओडिनमशी) जोडले. ती रुग्णा शस्त्रकर्मातून बरी झाली, मात्र सुमारे चार महिन्यांनी व्याधी पसरून तिचा अंत झाला. शस्त्रकर्म यशस्वी झाले, रुग्ण मात्र वाचला नाही. कारण व्याधी आधीच पुढे गेला होता. पुढील शंभर वर्षांच्या संशोधनाचा प्रश्न या पहिल्याच घटनेत दडलेला आहे.

अन्ननलिकेचे शस्त्रकर्म याहून दुष्कर, कारण त्यासाठी छाती उघडावी लागते. १९१३ साली न्यूयॉर्क येथे फ्रान्झ टोरेक यांनी छातीतील अन्ननलिकेचा अर्बुदयुक्त भाग काढला. दोन टोके जोडणे त्या काळी शक्य नव्हते, म्हणून मानेतील छिद्रापासून आमाशयातील छिद्रापर्यंत शरीराबाहेरून रबरी नळी बसविण्यात आली. त्या वृद्ध स्त्रीने त्या नळीतून अन्न घेत बारा वर्षांहून अधिक आयुष्य काढले. १९३३ साली जपानमध्ये ओसावा यांनी आमाशय छातीत वर ओढून अन्ननलिकेशी जोडण्याच्या कर्माचे यश प्रसिद्ध केले. १९४६ साली इंग्लंडमध्ये आयव्हर लुईस यांनी आधी उदर व मग उजवी छाती उघडण्याची पद्धत मांडली. ही पद्धत आजही त्यांच्याच नावाने प्रचलित आहे.

किती छेदन करावे ?

अर्बुदासह आसपासच्या लसग्रंथी किती दूरवर काढाव्यात, हा यानंतरचा वादाचा विषय. जपानी शल्यचिकित्सकांनी आमाशयालगतच्या ग्रंथी काढण्यास डी-१ व त्यापुढील रक्तवाहिन्यांभोवतीच्या ग्रंथीही काढण्यास डी-२ असे संबोधून डी-२ चा पुरस्कार केला. पाश्चात्त्यांनी याचे प्रमाण मागितले. नेदरलँड्समध्ये ७११ रुग्णांवर या दोन पद्धतींची यादृच्छिक तुलना झाली. प्रथम निष्कर्ष निराशाजनक आले : शस्त्रकर्मोत्तर मृत्यू डी-१ गटात ४ टक्के, तर डी-२ गटात १० टक्के. पाच वर्षांनी जिवंत असलेले रुग्ण अनुक्रमे ४५ व ४७ टक्के, म्हणजे जवळजवळ समान. ब्रिटनमधील ४०० रुग्णांच्या परीक्षणातही असेच दिसले. डी-२ करताना प्लीहा व स्वादुपिंडाचे टोक काढण्याची त्या वेळची रीत हे अधिक मृत्यूंचे एक मोठे कारण होते.

परंतु डच संशोधकांनी रुग्णांचा पाठपुरावा सोडला नाही. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. आमाशयाच्या कर्करोगानेच मृत्यू येण्याचे प्रमाण डी-१ गटात ४८ टक्के, तर डी-२ गटात ३७ टक्के आढळले. प्लीहा व स्वादुपिंड राखून, अनुभवी हातांनी केलेले डी-२ आज सर्वत्र मान्य झाले ते यामुळे.

मग याहूनही अधिक छेदन केले तर ? जपानमध्येच ५२३ रुग्णांवर महाधमनीभोवतीच्या ग्रंथीही काढून पाहिल्या गेल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत पाच वर्षांचे जीवित केवळ डी-२ गटात ६९.२ टक्के व अधिक छेदनाच्या गटात ७०.३ टक्के होते. म्हणजे लाभ काहीच नाही. अर्बुद आमाशयाच्या डाव्या वक्र कडेपर्यंत पोचलेले नसताना प्लीहा काढण्यानेही लाभ होत नाही, हेही पुढे जपानी परीक्षणातूनच सिद्ध झाले. ज्यांनी विस्तृत छेदनाचा आग्रह धरला, त्यांनीच त्याची मर्यादा शोधून काढली, ही शास्त्रनिष्ठा अनुकरणीय आहे.

केव्हा छेदन करावे ?

छेदनाचा विस्तार वाढवून जीवित वाढत नाही हे कळल्यावर संशोधनाची दिशा बदलली. डोळ्यांना न दिसणारे जे रोगकण शरीरात आधीच पसरलेले असतात, त्यांवर शस्त्रकर्मापूर्वीच उपचार करावे, असा विचार पुढे आला. ब्रिटनमधील ५०३ रुग्णांच्या ‘मॅजिक’ परीक्षणात (२००६) शस्त्रकर्माच्या आधी व नंतर केमोथेरपी दिलेल्या गटात पाच वर्षांचे जीवित ३६ टक्के, तर केवळ शस्त्रकर्माच्या गटात २३ टक्के आढळले. पुढे ‘फ्लॉट’ या चार औषधांच्या योगाने त्याहून सरस फल दिले : २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ७१६ रुग्णांच्या जर्मन परीक्षणात मध्यम जीवितकाल ३५ महिन्यांवरून ५० महिन्यांवर गेला.

अन्ननलिकेबाबत नेदरलँड्समधील ‘क्रॉस’ परीक्षण (२०१२) निर्णायक ठरले. शस्त्रकर्मापूर्वी पाच आठवडे केमोथेरपी व किरणोपचार दिलेल्या रुग्णांचा मध्यम जीवितकाल ४९.४ महिने, तर केवळ शस्त्रकर्म केलेल्यांचा २४ महिने होता. विशेष म्हणजे छेदनाच्या कडेवर रोगाचा अंश न उरता अर्बुद संपूर्ण निघण्याचे प्रमाण ६९ टक्क्यांवरून ९२ टक्के झाले. भारतात अधिक आढळणाऱ्या स्क्वेमस प्रकारात हा लाभ आणखी ठळक होता. जपानमधील ६०१ रुग्णांच्या परीक्षणात (२०२४) स्क्वेमस प्रकारासाठी शस्त्रकर्मापूर्वी तीन औषधांची केमोथेरपी दोन औषधांहून सरस ठरली. ॲडिनोकार्सिनोमासाठी ‘फ्लॉट’ हे ‘क्रॉस’पेक्षा श्रेष्ठ असल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ४३८ रुग्णांच्या जर्मन परीक्षणात दिसले : मध्यम जीवितकाल अनुक्रमे ६६ व ३७ महिने.

तात्पर्य, आज ‘आधी शस्त्रकर्म’ हा सरसकट नियम राहिलेला नाही. अगदी प्रारंभीचा, श्लेष्मल त्वचेपुरता मर्यादित व्याधी एंडोस्कोपीतूनच काढता येतो. मध्यम अवस्थेत आधी औषधे व मग शस्त्रकर्म, आणि दूरवर पसरलेल्या अवस्थेत गिळता यावे, वेदना शमावी यासाठी उपशमनात्मक उपचार, असा क्रम आहे.

कसे व कोठे ?

शस्त्रकर्माचा आघात कमी करण्याचे प्रयत्नही फलदायी ठरले. छाती व उदर मोठे न उघडता दुर्बिणीच्या साहाय्याने अन्ननलिका काढल्यास पहिल्या दोन आठवड्यांतील फुप्फुसाचा जंतुसंसर्ग २९ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला, असे २०१२ सालच्या युरोपीय परीक्षणात आढळले. आमाशयाच्या पहिल्या अवस्थेतील कर्करोगावर कोरियात १४१६ रुग्णांची तुलना झाली. पाच वर्षांचे जीवित दुर्बिणीच्या शस्त्रकर्मात ९४.२ व खुल्या शस्त्रकर्मात ९३.३ टक्के होते.

कोठे शस्त्रकर्म करावे, यासही महत्त्व आहे. अमेरिकेतील ज्येष्ठ नागरिकांच्या नोंदींवरून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अन्ननलिकेची शस्त्रकर्मे क्वचित होणाऱ्या रुग्णालयांतील मृत्यूचे प्रमाण नित्य होणाऱ्या रुग्णालयांपेक्षा पाच टक्के-अंकांहून अधिक आढळले. म्हणून रुग्णास जवळचे रुग्णालय सुचविण्यापेक्षा अशी शस्त्रकर्मे नित्य करणारे केंद्र सुचवावे. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कार्यरत आहे, आणि २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालामुळे देशभरातील केंद्रे परस्परांशी जोडली गेली आहेत.

आता वरील दोन आकडे शेजारी ठेवून पाहावे. पहिल्या अवस्थेत शस्त्रकर्म झालेल्यांचे पाच वर्षांचे जीवित ९४ टक्के, आणि पुढील अवस्थेत शस्त्रकर्मासह केमोथेरपी देऊनही ते ३६ टक्के. देश, काळ व रुग्ण भिन्न असल्याने ही काटेकोर तुलना नव्हे. तरीही दिशा निःसंशय आहे. एका शस्त्रपद्धतीऐवजी दुसरी वापरून जो लाभ होतो, त्याहून कितीतरी मोठा लाभ निदान लवकर झाल्याने होतो. आणि निदान लवकर होणे शल्यचिकित्सकाच्या हाती नसते. ते रुग्णास प्रथम पाहणाऱ्याच्या हाती असते.

आयुर्वेदीय दृष्टी

असे रुग्ण शल्यचिकित्सकाकडे पाठविणे म्हणजे आयुर्वेदाचा पराभव, अशी भावना काही ठिकाणी आढळते. ती शास्त्राधारित नाही. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात अर्बुदाविषयी सांगताना दोष शेष राहिल्यास अर्बुद पुन्हा त्वरेने उत्पन्न होते, म्हणून ते निःशेष काढावे, असा स्पष्ट निर्देश केला आहे. छेदनाच्या कडेवर रोगाचा अंश राहू नये, हे आजच्या शल्यसंशोधनाचे ध्येय याच विचाराशी जुळणारे आहे. चरकाचार्य कायचिकित्सेचे अग्रणी, पण गुल्म पक्व झाल्यावर तेथे धान्वंतर संप्रदायाच्या शल्यचिकित्सकांचा अधिकार आहे, असे त्यांनी निःसंकोचपणे म्हटले. योग्य वेळी योग्य हाती रुग्ण सोपविणे ही आपलीच परंपरा आहे.

मात्र ग्रंथोक्त अर्बुद, गुल्म किंवा परिणामशूल आणि आजचा कर्करोग यांचे तंतोतंत समीकरण मांडण्याचा मोह टाळावा. नाव जुळले म्हणून चिकित्सा जुळत नाही. आमाशय किंवा अन्ननलिकेच्या कर्करोगात शस्त्रकर्मास पर्याय ठरेल असे कोणतेही आयुर्वेदीय औषध आजवर वरीलसारख्या परीक्षणांतून सिद्ध झालेले नाही. रुग्णास हे स्पष्टपणे सांगणे आपले कर्तव्य आहे.

चिकित्सालयात व औषधी दुकानात घ्यावयाची दक्षता

पुढीलपैकी एकही लक्षण आढळल्यास विनाविलंब, शक्यतो दोन आठवड्यांच्या आत, एंडोस्कोपीसाठी पाठवावे :

१. घास अडकणे, मग वय कोणतेही असो.
२. कारणावाचून वजन घटणे, त्यासोबत अरुची.
३. वारंवार छर्दी, विशेषतः आदल्या दिवशीचे अन्न पडणे.
४. रक्तवमन किंवा डांबरासारखा काळा, चिकट, दुर्गंधीयुक्त मल.
५. पांडुता, विशेषतः पुरुषांत व रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत.
६. नाभीच्या वर हातास लागणारी गाठ, किंवा डाव्या जत्रूच्या (हसळीच्या) वरील ग्रंथी.
७. चाळिशीनंतर प्रथमच सुरू झालेले व कमी न होणारे अम्लपित्त.

येथे तीन सूचना विशेष आहेत. पहिली, औषधाने आराम पडला म्हणून कर्करोग नाही असे समजू नये. आम्ल कमी करणाऱ्या कोणत्याही औषधाने, मग ते शंखभस्म असो वा आधुनिक गोळी, कर्करोगी व्रणाचीही लक्षणे काही काळ शमतात. दुसरी, लोहकल्प घेणाऱ्याचा मल काळा होतोच, परंतु मलाचा चिकटपणा व दुर्गंध विचारल्याविना काळेपणाचा दोष लोहावर टाकू नये. तिसरी, घास अडकणाऱ्या रुग्णास निदानापूर्वी वमनकर्म देऊ नये.

औषधविक्रेत्यांची भूमिकाही मोलाची आहे. तेच आम्लनाशक चूर्ण जो ग्राहक दर पंधरा दिवसांनी नेतो, त्याला ‘घास अडकतो का ? वजन उतरले का ?’ एवढे दोन प्रश्न विचारावेत. ‘हो’ असे उत्तर आल्यास डबी देण्यापेक्षा वैद्याकडे पाठविणे श्रेयस्कर. तसेच कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यान्वये निषिद्ध आहे, याचे स्मरण दुकानातील फलकांबाबतही ठेवावे.

‘तुकडा काढला की रोग पसरतो’, ‘चाकू लागला की माणूस जातो’ या समजुती समाजात घट्ट आहेत. रुग्णाचा वैद्यावर विश्वास असतो, म्हणून त्या दूर करण्याचे सामर्थ्यही वैद्याकडेच आहे. बायॉप्सीवाचून निदान नाही व निदानावाचून उपचार नाही, हे त्यास शांतपणे समजावून द्यावे. केवळ चिठ्ठी देऊन थांबू नये. तपासणी झाली की नाही याची आठवड्याने चौकशी करावी.

उपचारकालीन व शस्त्रकर्मोत्तर साहाय्य

रुग्ण पाठविल्यावर वैद्याचे काम संपत नाही. केमोथेरपी चालू असताना आपण देत असलेल्या प्रत्येक कल्पाची लेखी यादी रुग्णाजवळ द्यावी व कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीनेच औषध चालू ठेवावे. यकृत व वृक्क यांच्या तपासण्यांवर केमोथेरपीची मात्रा ठरते, म्हणून या काळात रसकल्प टाळणे हिताचे. यष्टिमधूच्या दीर्घ सेवनाने रक्तातील पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो, हेही ध्यानात असावे. लसूण व हरिद्रेचे तीव्र सत्त्व यांचा रक्तस्कंदनावर परिणाम होऊ शकत असल्याने शस्त्रकर्मापूर्वी साधारण दोन आठवडे ती बंद ठेवावीत.

आमाशय काढल्यावर अन्न आतड्यात वेगाने उतरते. जेवणानंतर अल्पावधीत भोवळ, घाम, धडधड व अतिसार होतो, तर काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर उतरून ग्लानी येते. गोड व पातळ पदार्थांनी हा त्रास वाढतो. म्हणून च्यवनप्राशासारखे अवलेह, गूळयुक्त पाक व आसव-अरिष्टे अशा रुग्णास ‘शक्तीसाठी’ म्हणून देऊ नयेत. दिवसातून सहा वेळा अल्प, मऊ व प्रथिनयुक्त आहार द्यावा आणि पाणी जेवणासोबत न देता मधल्या वेळेत द्यावे. या रुग्णांत लंघन वर्ज्य समजावे. संपूर्ण आमाशय काढलेल्या रुग्णात ब-१२ जीवनसत्त्वाचे अन्नातून शोषण जवळजवळ थांबते, त्यामुळे त्याचा पुरवठा, बहुधा इंजेक्शनने, आजन्म करावा लागतो. शरीरातील साठा काही वर्षे पुरत असल्याने ही उणीव उशिरा प्रकट होते. अशा वेळी उत्पन्न होणारी पांडुता व हातापायांची बधिरता केवळ लोहकल्पांनी जाणार नाही.

अन्ननलिका काढलेल्या रुग्णाचे आमाशय छातीत असते. त्याने जेवणानंतर लगेच आडवे होऊ नये व पलंगाची डोक्याकडील बाजू उंच ठेवावी. वमनकर्म कायमचे निषिद्ध. आतड्यात पोषणनलिका असल्यास तिच्यातून चूर्ण किंवा कुटलेल्या गुटिका देऊ नयेत. नलिका तुंबते व ती बदलण्यासाठी रुग्णास पुन्हा रुग्णालय गाठावे लागते.

उपसंहार

बिलरोथ यांच्यापासून आजपर्यंतच्या शल्यसंशोधनाने तीन गोष्टी शिकविल्या : छेदन पुरेसे असावे पण अतिरेकी नसावे, शस्त्रकर्मापूर्वीचे उपचार अनेक रुग्णांत आयुष्य वाढवितात, आणि अनुभवी केंद्राची निवड फलावर परिणाम करते. या तिन्हींचा लाभ मिळण्यासाठी रुग्ण शस्त्रसाध्य अवस्थेत तेथे पोचला पाहिजे. अम्लपित्ताच्या प्रत्येक जुन्या रुग्णास पुढील भेटीत पुन्हा एकवार ‘घास नीट उतरतो ना ?’ असे विचारावे, त्याचे वजन करून केसपेपरवर लिहावे, आणि शंका येताच त्यास पाठवावे. साध्यासाध्यत्वाचा विचार चिकित्सेपूर्वी करावा, ही आपल्या आचार्यांची शिकवण आहे. या व्याधीत साध्य असाध्य होण्यास काही महिन्यांचा विलंब पुरतो.